पहिली एंडोस्कोपी : आदल्या रात्रीपासून रिपोर्ट हाती येईपर्यंत

पोटाची एंडोस्कोपी सांगितली की बहुतेकांच्या मनात घशातून खाली जाणारी जाडजूड नळी उभी राहते. प्रत्यक्षात ही दुर्बीण करंगळीहून बारीक असते. जाडी ९ ते १० मिलिमीटर, लांबी साधारण एक मीटर. टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो, पाणी व हवा सोडायची बारीक छिद्रे असतात, आणि आतून चिमटा सरकवता येईल अशी सुमारे २.८ मिलिमीटरची एक वाट असते. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग एवढेच तिने पाहतात. साधी तपासणी पाच ते दहा मिनिटांत होते. त्यात खरे अवघड असतात ते घसा ओलांडतानाचे काही सेकंद, आणि तेही निम्मे सोपे करणे तुमच्या हातात असते.

पोट रिकामे म्हणजे किती रिकामे?

घन अन्न किमान सहा तास आधी बंद. बरीच केंद्रे आठ तास सांगतात. तपासणी सकाळची असेल तर रात्रीचे जेवण हलके आणि वेळेवर घ्यावे, म्हणजे हिशोब आपोआप जुळतो. साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. दूध मात्र पाण्यात मोजू नका. ते जठरात गेल्यावर घट्ट होते, म्हणून दूध आणि दूध घातलेला चहा किंवा कॉफी यांना अन्नाचाच नियम लागू होतो. च्युइंग गम, तंबाखू आणि सिगारेटही नको, कारण त्यांनी लाळ आणि जठरातला स्राव वाढतो.

उपाशी राहण्याची कारणे दोन. अन्न शिल्लक असेल तर त्याखालचे अस्तर दिसत नाही. तिथला छोटा व्रण सुटून जातो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. घसा बधिर असताना किंवा गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरू शकते. त्यामुळे सकाळी चुकून काही खाल्ले असेल तर ते लपवू नका. तपासणी पुढे ढकलली जाईल, एवढेच.

जुना मधुमेह असेल किंवा वजन अथवा साखर कमी करण्यासाठी आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल, तर जठर सावकाश रिकामे होते. हे वेळ ठरवतानाच सांगा. अशा वेळी डॉक्टर उपास लांबवतात किंवा आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगतात.

गोळ्यांचा हिशोब

सर्वाधिक घोळ इथे होतो. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आठवडाभर आधी डॉक्टरांना दाखवली तर तो टळतो. आदल्या संध्याकाळी फोन करून विचारण्यात अर्थ नसतो, कारण काही गोळ्यांचा निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो.

रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) असलेल्या माणसाने ती थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि हा धोका बायोप्सीच्या, म्हणजे तपासायला अस्तराचा बारीक तुकडा घेतल्याच्या, जागी येणाऱ्या चार थेंब रक्तापेक्षा कितीतरी मोठा आहे. साध्या तपासणीत, अगदी बायोप्सी घेतली तरी, ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी चाचणी) तपासून ठरवतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या पिढीच्या गोळ्यांचा त्या सकाळचा डोस अनेकदा वगळायला सांगतात. मोठा पॉलिप (अस्तरावर उगवलेली गाठ) काढायचा असेल किंवा अरुंद झालेली अन्ननलिका रुंद करायची असेल तर हे सगळे गणित बदलते.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीच्या मात्रेत घेतले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डोस किती कमी करायचा ते लिहून घ्या आणि सकाळची पहिली वेळ मागा. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते त्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवायला सांगू शकतात, कारण उपासात त्यांच्यामुळे रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्ले) वाढण्याची भीती असते. रक्तदाब, हृदय आणि फिट यांची सकाळची औषधे मात्र सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असतात.

आम्लपित्ताच्या गोळ्यांबद्दल वेगळे विचारावे लागते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करायची असेल तर ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल यांसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी बंद असलेली बरी. त्यांनी जंतू सहसा पूर्ण मरत नाही, पण दबतो, आणि चाचणी खोटी ‘नाही’ सांगते. अर्थात व्रणातून रक्तस्राव झालेल्या माणसाने ही गोळी थांबवणे घातक ठरू शकते, म्हणून हाही निर्णय डॉक्टरांचा. सीलिॲक आजाराचा (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणे) संशय असेल तर उलट पथ्य : तपासणी होईपर्यंत ग्लूटेन असलेले अन्न खात राहायचे. आधीच सोडले तर आतडे सुधारते आणि बायोप्सीत आजार सापडत नाही.

फवारा की गुंगी?

नुसता घसा बधिर करणारा फवारा मारूनही तपासणी होते. फायदा असा की अर्ध्या-एक तासात तुम्ही स्वतःच्या पायांनी, पूर्ण शुद्धीत बाहेर पडता. गुंगीसाठी शिरेतून बहुतेक वेळा मिडॅझोलाम देतात. ही पूर्ण भूल नव्हे. सांगितलेले ऐकू येते, मान डोलावता येते, फक्त नंतर त्यातले फारसे आठवत नाही. प्रोपोफॉल दिले तर झोप याहून गाढ लागते आणि श्वासावर लक्ष ठेवायला वेगळा तज्ज्ञ लागतो.

आमचे मत सांगायचे तर, दात घासताना जिभेच्या मागे ब्रश लागला तरी ज्यांना उबळ येते, ज्यांना भीतीने आदल्या रात्री झोप लागत नाही, किंवा ज्यांची तपासणी लांबणार आहे, त्यांनी सरळ गुंगी मागावी. ताठरलेल्या माणसाची तपासणी घाईत उरकली जाते आणि पाहण्यात कसर राहते. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, फुप्फुसाचा आजार, गर्भारपण किंवा बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगणे आवश्यक. काही ठिकाणी नाकातून जाणारी ५ ते ६ मिलिमीटरची दुर्बीणही मिळते. तिने उबळ बरीच कमी येते.

गुंगी घेणार असाल तर सोबत एक मोठे माणूस हवेच. नुसते घरी न्यायला नव्हे, डॉक्टरांचे बोलणे ऐकायलाही. गुंगी उतरताना ऐकलेले तासाभराने पुसले जाते.

टेबलावर

१. आधी संमतीपत्र. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : बायोप्सी घेणार का, गुंगी कोणती, निकाल कोण सांगणार.

२. कवळी, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. दात हलत असेल तर दाखवा. गडद नेलपॉलिश आधीच काढलेले बरे, कारण ऑक्सिजन मोजणारी क्लिप बोटालाच लावतात. अनेक ठिकाणी जठरातला फेस मोडणारे सिमेथिकोनचे पांढरट औषध थोडे प्यायला देतात.

३. घशात लिडोकेनचा फवारा. चव कडू. एक-दोन मिनिटांत घसा सुजल्यासारखा, गिळता न येणारा वाटू लागतो. नेमके इथेच लोक घाबरतात. घसा सुजलेला नसतो. त्याची जाणीव गेलेली असते. श्वास नेहमीसारखाच चालू असतो.

४. डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकचे कडे देतात. ते दुर्बिणीला दातांपासून वाचवते आणि दातांना दुर्बिणीपासून. हनुवटी छातीकडे झुकवा. १८६८ मध्ये कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी जठरात पहिल्यांदा नळी घातली ती तलवार गिळणाऱ्या माणसाच्या, कारण तेव्हाची नळी ताठ होती आणि डोके पूर्ण मागे टाकावे लागे. आजची वळते, म्हणून मान पुढे. मागे टाकलेल्या मानेने श्वासनलिकेची वाट उघडते आणि ठसका लागतो.

५. दुर्बीण जिभेच्या मागे पोचली की ‘गिळा’ असे सांगतात. एकदाच, पाण्याचा घोट घेतल्यासारखे गिळा. अन्ननलिकेचे तोंड एरवी मिटलेले असते आणि गिळताना क्षणभर सैल होते; दुर्बीण त्याच क्षणी आत सरकते. सर्वांत जोरकस उबळ इथेच येते. ती टाळण्याची धडपड करू नका, श्वास मात्र रोखू नका.

यापुढे काम फक्त श्वासाचे. नाकाने सावकाश आत, तोंडाने लांब बाहेर. नळी अन्ननलिकेत असते, श्वासाची वाट वेगळी आणि मोकळी असते. लाळ गिळू नका, गालातून वाहू द्या. खाली टॉवेल असतो आणि परिचारिका ती ओढूनही घेते. डोळे उघडे ठेवून समोरच्या एखाद्या वस्तूवर नजर स्थिर ठेवली तर बऱ्याच जणांची उबळ शमते. हाताने नळी धरायची इच्छा होते, म्हणून हात आधीच मांडीखाली किंवा टेबलाच्या कडेला अडकवून ठेवावा.

घड्या उलगडाव्यात म्हणून जठरात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात. पोट तटतटते आणि ढेकर येतात. जमेल तेवढे ढेकर दाबा, कारण हवा गेली की ती पुन्हा भरावी लागते आणि वेळ वाढतो. अधूनमधून आतून ढकलल्यासारखे वाटते. जठराच्या बाहेर पडताना आणि वरचा भाग बघण्यासाठी दुर्बीण उलटी वळवताना ते जास्त जाणवते. बायोप्सी मात्र दुखत नाही. चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि तिथल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. जास्त तुकडे घेतले म्हणजे कर्करोगाचा संशय, असा अर्थ काढू नये. जठरदाहासाठीही ठरलेल्या पाच जागांचे तुकडे घेण्याची पद्धत आहे.

बाहेर आल्यावर

घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा ते एक तास, काही खाऊ-पिऊ नका. मग पाण्याचा एक छोटा घोट घ्या. ठसका न लागता तो उतरला तर कोमट, मऊ पदार्थ. गरम पेय इतक्यात नको, तोंड भाजले तरी कळणार नाही. गुंगी घेतली असेल तर २४ तास गाडी, मद्य, यंत्रकाम आणि महत्त्वाच्या कागदांवर सही हे सगळे वर्ज्य. ताजेतवाने वाटत असले तरी निर्णयशक्ती मागे असते. घसा एक-दोन दिवस खवखवतो, पोटातली हवा काही तासांत निघून जाते.

नुसत्या तपासणीत अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडणे हजारात एकाहूनही कमी वेळा घडते, पण खुणा माहीत हव्यात : छातीत, मानेत किंवा पोटात वाढत जाणारी तीव्र वेदना, मान सुजून दाबल्यावर कुरकुरणे, ताप, धाप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. ती घेत असाल तर तिथे सांगा.

रिपोर्ट वाचताना

डोळ्यांना दिसलेल्याचा अहवाल त्याच दिवशी मिळतो. ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या खालच्या भागाचा दाह) किंवा ‘लालसरपणा’ हे शब्द अगदी नेहमीचे आहेत आणि एकट्याने फारसे काही सिद्ध करत नाहीत. ‘एलए ग्रेड’ म्हणजे आम्लाने अन्ननलिकेला झालेली इजा : ए मध्ये चिरा पाच मिलिमीटरच्या आत, डी मध्ये नळीच्या घेराचा तीन चतुर्थांश किंवा जास्त भाग सोललेला. ‘आरयूटी’ ही हेलिकोबॅक्टर जंतूची झटपट चाचणी. तुकडा ठेवल्यावर पिवळा रंग गुलाबी झाला की होकार. बायोप्सीचा अहवाल प्रयोगशाळेतून यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि तो आपोआप हाती येईल असे धरून चालू नका. घरी निघतानाच तारीख लिहून घ्या. सगळे ‘नॉर्मल’ आले आणि त्रास कायम असला तर तोच कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा, कारण जठराची हालचाल, पित्ताशय आणि स्वादुपिंड या दुर्बिणीला दिसत नाहीत.