वाळवंटी रानफुलांची कोडी सोडवताना या चुका टाळा

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील सोनोरन आणि मोहावी वाळवंटांतील रानफुलांवर घातलेल्या कोड्यांची उत्तरे चुकतात, ती फुले ठाऊक नसतात म्हणून नव्हे. पहिली ओळ वाचताच मनाशी उत्तर पक्के होते आणि उरलेल्या ओळी त्या उत्तरावर कशाबशा बसवल्या जातात, हे खरे कारण असते. पुढचे कोडे पाहा.

सांज होता वाळूवरती
पांढरे ताट मांडले;
ऊन चढता मिटून गेले,
मरून पिंजरा झाले.

‘सांज’ आणि ‘पांढरे’ हे शब्द दिसले की कोणी सग्वारो हा उंच निवडुंग म्हणतो, तर कोणी धोतऱ्याचे नाव घेतो. दोन्ही फुले पांढरी असतात आणि रात्री उमलतात, हे खरे आहे. मात्र सग्वारोचे फूल उंच खांबाच्या माथ्यावर लागते व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडे राहते. धोतऱ्याचे फूल कर्ण्यासारखे असते, त्याला ताट कोण म्हणेल? खरी किल्ली शेवटच्या ओळीत आहे. ड्यून इव्हनिंग प्रिमरोझ हे झाड वाळले की त्याच्या कडेच्या फांद्या वर वळून एकमेकींकडे झुकतात आणि वाळूवर पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा सांगाडा उरतो. म्हणूनच कोड्यातील सर्वांत विचित्र ओळ आधी घ्यावी व सोपी ओळ पडताळणीसाठी राखून ठेवावी.

रंगावरून उत्तर काढणे ही दुसरी चूक, आणि पिवळ्या रंगाच्या बाबतीत ती हमखास होते, कारण या वाळवंटांत पिवळ्या फुलांना तोटा नाही. ‘चांदीचे पान, सोन्याचे फूल, डिंक जळे देवापुढे’ या कोड्याला डेझर्ट गोल्ड (सूर्यफुलासारखे पिवळे रानफूल) असे उत्तर आले, तर समजावे की वाचणारा ‘सोन्या’पाशीच थांबला. चांदीसारखी लवदार पाने आणि धूप म्हणून जाळली जाणारी राळ ही ब्रिटलबुशची खूण आहे. स्पॅनिश मिशनऱ्यांनी ती राळ चर्चमध्ये जाळली आणि झुडपाला इन्सिएन्सो, म्हणजे धूप, हेच नाव पडले. उलट ‘वर्षानुवर्षे निजले, एका पावसाने जागे झाले’ अशी ओळ असेल तर झुडूप बाजूला ठेवून वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात उगवून मरणाऱ्या, वनस्पतीचा विचार करावा. मोहावीतील डेथ व्हॅली या खोऱ्यात 1998, 2005 आणि 2016 मध्ये जो मोठा बहर आला, तो अशाच निजलेल्या बियांचा होता, आणि डेझर्ट गोल्डची जागा तिथे आहे.

काट्यांवरून निवडुंग ठरवणे हा प्रकार थोडक्यात आटोपता येईल. ‘वाळकी काठी, पावसाने हिरवी, टोकाला ज्योत’ म्हणजे ओकोटिओ. त्याला काटे असतात, पण तो निवडुंग नाही. पावसानंतर काही दिवसांतच त्याला पाने फुटतात, दुष्काळात ती गळतात, आणि हे एका वर्षात अनेकदा घडू शकते.

ठिपक्यांची गोष्ट मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे. ‘आत लाल ठिपके, घरात मध नाही, तरी पाहुणा आशेने येई’ या कोड्याला डेझर्ट फाइव्ह-स्पॉट हे उत्तर फार मोहात पाडते, कारण त्याच्या पाचही पाकळ्यांच्या तळाशी एकेक लाल डाग असतो. तथापि कोड्याचा भर ठिपक्यांवर नसून फसवणुकीवर आहे. घोस्ट फ्लॉवर फिकट पिवळ्या रंगाने सँड ब्लेझिंग स्टार या फुलाची नक्कल करते. त्यात मकरंद नसतो, पण आतील लाल खुणेला मादी समजून नर मधमाशी आत शिरते आणि परागांचे काम करून जाते. पाहुणा मधासाठी येतो असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच चकतो.

नावावर विसंबणेही धोक्याचे आहे. सँड व्हर्बिना ही व्हर्बिना नव्हे, गुलबक्षीच्या कुलातली आहे. म्हणून ‘पाकळ्यांवाचून गुलाबी’ अशी ओळ आली तर ती चूक समजू नये. तिचा रंगीत भाग खरोखरच पाकळ्यांचा नसून निदलपुंजाचा, म्हणजे एरवी पाकळ्यांखाली हिरवे असणाऱ्या आवरणाचा, असतो.

इतके करूनही उत्तर जुळत नसेल, तर दोष कोडे घालणाऱ्याचा असू शकतो. मी स्वतः एकदा ‘सोनेरी वाटी, उन्हात उघडी, ढग येता झाकली’ असे कोडे कॅलिफोर्निया पॉपीसाठी रचले. कोणीतरी डेझर्ट गोल्ड पॉपी असे उत्तर दिले आणि ते चूक ठरवायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. दोन्ही फुलांत फरक आहे तो पाकळ्यांखाली: कॅलिफोर्निया पॉपीला तिथे बशीसारखा रुंद काठ असतो आणि पाकळ्या गळल्या तरी तो देठावर राहतो. दुसऱ्या पॉपीला तो नसतो. आता त्या कोड्याला चौथी ओळ आहे: ‘वाटी गेली, बशी राहिली’.