संख्यामालिका सोडवताना या चुका टाळा

1, 2, 4, 8, 16, ? हे समोर आलं की बहुतेकांची पेन्सिल थेट 32 लिहिते. दुप्पट, दुप्पट, दुप्पट. उत्तर बरोबर आहे. पण याच पाच पदांनंतर 23 सुद्धा येऊ शकतं. प्रत्येक संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून पाहा: 4 + 4 = 8, 8 + 8 = 16, 16 + 1 + 6 = 23, पुढे 28, 38, 49. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा मालिकांचा फार बारकाईनं अभ्यास केला होता. वर्तुळावर बिंदू वाढवत नेले, सगळे एकमेकांना रेषांनी जोडले आणि आत कुठेही तीन रेषा एकाच जागी छेदू दिल्या नाहीत, तर वर्तुळाचे भागही 1, 2, 4, 8, 16 असेच होतात. सहाव्या बिंदूला मात्र ते 31 भरतात.

शिष्यवृत्ती असो, पोलीस भरती असो, मुलांचे मार्क जातात ते याच घाईत. पहिल्या दोन-तीन पदांवर नियम बसला की पुढची पदं कुणी तपासतच नाही. 3, 6, 11, 18, 27, ? यात 3 चे 6 झाले म्हणून ‘दुप्पट’ मनात बसतं आणि मग 11 पाशी गाडी अडते. फरक मांडा: 3, 5, 7, 9. पुढचा 11, उत्तर 38. सुचलेला नियम दिलेल्या प्रत्येक पदाला लागू पडला, तरच पर्यायांकडे बघायचं.

फरकाची एकच ओळ काढून थांबणं

2, 3, 6, 13, 26, 47, ?
फरक येतात 1, 3, 7, 13, 21. काहीच जुळत नाही म्हणून बरेचजण इथे प्रश्न सोडून देतात. त्याखाली फरकांचे फरक लिहा: 2, 4, 6, 8. आता पुढचा 10, म्हणून वरचा फरक 31 आणि उत्तर 78. ही दुसरी ओळ लिहायला काही सेकंद लागतात. ती तोंडी करू नका, कच्च्या कामाच्या जागेत पदांच्या बरोबर खाली लिहा. तोंडी वजाबाकीतली एक चूक खालच्या ओळीत दोन-तीन ठिकाणी पसरते.

फरकांचा हट्टही धरू नये. 4, 9, 20, 43, 90 यात प्रत्येक पद आधीच्या पदाच्या दुपटीहून थोडंसंच जास्त आहे. अशा वेळी आधी गुणाकार बघा: 4 × 2 + 1, 9 × 2 + 2, 20 × 2 + 3, 43 × 2 + 4. पुढचं पद 90 × 2 + 5, म्हणजे 185.

मधलं पद सरासरीनं भरणं

4, 7, 12, ?, 28, 39
12 आणि 28 यांच्या मधोमध 20, म्हणून 20 वर खूण केली जाते. पर्यायांत 20 हमखास असतोच. फरक दोन्ही बाजूंनी घ्या. डावीकडे 3, 5 आणि उजवीकडे 11 दिसतात. मधल्या दोन उड्या मिळून 16 ची, म्हणजे 7 आणि 9. गाळलेलं पद 19. सरासरी चालते ती फक्त फरक सगळीकडे सारखा असताना.

‘चुकीचं पद ओळखा’ या प्रकारात तर मुलं जवळ जाऊन चुकतात. 5, 9, 13, 18, 21, 25 यात फरक 4, 4, 5, 3, 4. बिघडलेले फरक शेजारी-शेजारी आहेत, एक 1 ने जास्त आणि दुसरा 1 ने कमी. चुकीचं पद या दोन फरकांच्या मधलं, म्हणजे 18. तिथे 17 हवं. 3 हा फरक विचित्र दिसला म्हणून 21 वर खूण करणारे बरेच असतात.

दोन मालिका एकत्र आहेत हे न ओळखणं

7, 40, 11, 36, 15, 32, ? अशी संख्या एकदा वर, एकदा खाली जाऊ लागली किंवा मालिका नेहमीपेक्षा लांब दिसली, की एकाआड एक पदं वेगळी करा. 7, 11, 15 नंतर 19.

मूळसंख्यांचा घोळ

1 ही मूळसंख्या नाही, 2 आहे. एवढं पक्कं हवं. 51, 57 आणि 91 मूळसंख्यांसारख्या दिसतात, पण 51 = 3 × 17, 57 = 3 × 19, 91 = 7 × 13. आता 4, 9, 25, 49, ?, 169 पाहा. 25 आणि 49 बघून विषम संख्यांचे वर्ग वाटतात आणि 81 लिहिलं जातं. तसं असतं तर सुरुवातीला 4 आलाच नसता आणि 81 नंतर 121 आलं असतं, 169 नाही. हे मूळसंख्यांचे वर्ग आहेत, म्हणून 121.

अपूर्णांक दिसले की छेद सारखे करून बघा. 1/6, 1/3, 1/2, 2/3, 5/6 ही मालिका अवघड वाटते ती संक्षिप्त रूपामुळे. सगळ्यांचा छेद 6 केला की अंश 1, 2, 3, 4, 5 असे सरळ दिसतात आणि पुढचं पद 1 येतं.

दहावीच्या अंकगणिती श्रेढीत 7, 12, 17, ... चं विसावं पद काढताना 20 वेळा 5 मिळवून 107 लिहू नका. पहिल्या पदापासून विसाव्यापर्यंत उड्या 19 च पडतात: 7 + 19 × 5 = 102.