पिक्चरमध्ये नावाजलेल्या आर्टिस्टचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक वापरायचंय? मग हे असं करा

एडिटला बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी हे करतोच, टाइमलाइनवर सीन टाकायचा, खाली आपल्या लाडक्या डीजेचा ट्रॅक टाकायचा आणि मग स्वतःवरच खूश होत बसायचं, की अरे काय भारी झालाय सीन. होणारच की. आपला सीन दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघतोय. माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्मचा शेवट मी असाच एका गाजलेल्या ट्रॅकवर कापला होता, फेस्टिव्हलने म्युझिकचे कागद मागितले, कागद नव्हतेच, मग दोन दिवसात मित्राकडून दुसरं काहीतरी करून घेतलं आणि खाली चिकटवलं. कट जुन्या तालावर, म्युझिक नव्या तालावर. वरातीत बँजो पार्टी आणि डीजे एकदम वाजायला लागल्यावर जे होतं ते झालं.

म्हणून सगळ्यात आधी एक ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय? तो ट्रॅक हवाय, तो आर्टिस्ट हवाय, की फक्त तसा साउंड हवाय? तिन्हीचे रस्ते वेगळे आहेत आणि खर्चही.

ट्रॅकच हवा असेल तर त्याचं पाहण्यासारखं उदाहरण म्हणजे १९९६ चा ट्रेनस्पॉटिंग हा पिक्चर. अंडरवर्ल्ड या बँडचं बॉर्न स्लिपी हे गाणं त्याच्या आदल्या वर्षी येऊन गेलं होतं, फार कोणी लक्ष दिलं नव्हतं, डायरेक्टर डॅनी बॉइलने ते शेवटच्या सीनला लावलं आणि मग तेच गाणं ब्रिटनच्या चार्टमध्ये दोन नंबरला गेलं. यातली गोम बघा, गाणं आधीच सगळ्यांच्या तोंडी असतं तर प्रेक्षकाला सीन दिसलाच नसता, त्याला त्याची कॉलेजची पार्टी आठवली असती. त्यामुळे माझं मत असं की आर्टिस्ट नावाजलेला घ्या पण ट्रॅक त्याचा नंबर एकचा घेऊ नका, अल्बमच्या पोटात खाली कुठेतरी पडलेला घ्या. स्वस्तही पडण्याची शक्यता जास्त आणि तो ट्रॅक तुमच्या पिक्चरचा होऊन राहतो.

दुसरं उदाहरण ड्राइव्ह हा २०११ चा पिक्चर. टायटल्सवर काविन्स्कीचं नाइटकॉल आहे ते सगळ्यांना आठवतं, पण त्याच्या आधीच्या गाडीच्या सीनला क्रोमॅटिक्स या बँडचा टिक ऑफ द क्लॉक हा ट्रॅक आहे, तो नीट ऐका. जवळपास काहीच घडत नाही त्यात, घड्याळासारखी टकटक चालू राहते, त्याच्यावर पोलिसांचा वायरलेस, मॅचची कॉमेंट्री, इंजिन, सगळं स्पष्ट ऐकू येतं. सीनमध्ये बोलणं किंवा आवाज महत्त्वाचे असतील तर ट्रॅक असा रिकामा हवा, आणि ज्याच्यात गाणाऱ्याचा आवाज आहे तो डायलॉगखाली शक्यतो नकोच, दोन माणसं एकदम बोलल्यासारखं होतं.

आता आर्टिस्टच हवा असेल तर. डाफ्ट पंक या जोडीने ट्रॉन लेगसी पिक्चरचं म्युझिक केलं २०१० मध्ये, पण नुसत्या सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर नाही, सोबत लंडनमध्ये रेकॉर्ड केलेला मोठा ऑर्केस्ट्रा होता आणि ऑर्केस्ट्राची बाजू सांभाळायला जोसेफ ट्रापानीज होता. पुढे २०१३ मध्ये एम८३ या बँडने ऑब्लिव्हियनचं म्युझिक केलं तेव्हाही जोडीला तोच. म्हणजे डीजे कितीही मोठा असला तरी पिक्चरचं काम येणारा एक माणूस शेजारी बसवा, कारण चार मिनिटांचा ट्रॅक बनवणं वेगळं आणि सीन कापला की म्युझिकही अकरा सेकंदांनी कापून परत द्यायचं हे वेगळं, त्याला पेशन्स लागतो. आपल्याकडे कार्तिक कॉलिंग कार्तिकमध्ये हे छान केलं होतं, गाणी शंकर-एहसान-लॉयची आणि बॅकग्राउंड स्कोअर, म्हणजे सीनमागचं म्युझिक, मिडिव्हल पंडित्झ आणि कर्ष काळे या इलेक्ट्रॉनिकवाल्यांकडे. गाण्यांचा आणि स्कोअरचा माणूस वेगळा ठेवता येतो हे आपल्या बऱ्याच निर्मात्यांच्या डोक्यातच येत नाही.

आणि आर्टिस्टला लवकर बोलवा. हॅना पिक्चरमध्ये व्हिलन जी धून शिट्टीवर वाजवत फिरतो ती केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक जोडीने केलेल्या स्कोअरमधलीच आहे. असलं काही करायचं असेल तर धून शूटिंगच्या आधी हातात पाहिजे, एडिट झाल्यावर फोन करून उपयोग नाही.

आता कागद. कंटाळा येईल पण हा भाग सोडू नका, बाकी सगळं सोडलं तरी चालेल.

एका ट्रॅकमध्ये दोन मालक असतात. एक रचनेचा, म्हणजे धून आणि शब्द, तो हक्क सहसा पब्लिशरकडे, म्हणजे रचनांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे असतो आणि त्याच्याकडून सिंक लायसन्स घ्यायचं. दुसरा त्या ठरावीक रेकॉर्डिंगचा, तो सहसा लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, त्याच्याकडून मास्टर लायसन्स. दोन्ही लागतात. एकच मिळालं तर काहीच मिळालं नाही असं समजा. इलेक्ट्रॉनिकमध्ये त्यात अजून गुंता असतो, एका ट्रॅकला चार जण लिहिणारे, वर कोणाचा तरी सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा घेतलेला, वर तुम्हाला आवडलाय तो रिमिक्स म्हणजे रेकॉर्डिंगच वेगळं, कधी लेबलही वेगळं. ज्याचा पाच टक्के हिस्सा आहे तोही नाही म्हणू शकतो. म्हणून पहिल्या मेलमध्येच विचारा की दोन्ही हक्क तुमच्याकडेच आहेत का आणि आत कुठला सॅम्पल आहे का. स्वतःचंच छोटं लेबल चालवणारा आर्टिस्ट असेल तर एका मेलमध्ये काम होऊ शकतं, म्हणून मी आधी तसलेच शोधतो.

मेलमध्ये काय लिहायचं तर सीन काय आहे, ट्रॅक किती सेकंद वाजणार, टायटलवर आहे की मागे रेडिओवर, पिक्चर कुठे कुठे दिसणार, किती वर्षांसाठी हवंय, बजेट किती. बजेट लपवू नका, लहान असेल तर लहान आहे म्हणून सांगा. शॉर्ट फिल्म किंवा छोटा पिक्चर असेल तर आधी फक्त फेस्टिव्हलपुरते हक्क मागा आणि पुढे थिएटर किंवा ओटीटीला विकला गेला तर किती द्यायचे तो आकडा आत्ताच लिहून घ्या. नंतर विचारायला गेलात की समोरच्याला कळलेलं असतं तुम्ही अडकलाय ते. पब्लिशर आणि लेबल दोघं बरेचदा अट घालतात की दुसऱ्याला जास्त दिलेत तर आम्हालाही तेवढेच, म्हणजे मास्टरला पन्नास हजार कबूल केलेत तर सिंकलाही पन्नास. हिशोब दुप्पट धरूनच बसा. ट्रॅक कापणार असाल, लूप करणार असाल तर तेही करारात येऊ द्या.

आणि दहा सेकंद फुकट वापरता येतात हे ज्याने कोणी पसरवलंय त्याला एकदा भेटायचंय मला. असा नियम नाही. क्रेडिट दिलं म्हणजे झालं, हेही नाही. हॉलवाल्याकडे आयपीआरएस आणि पीपीएल या गाणी वाजवायची परवानगी देणाऱ्या संस्थांचं लायसन्स आहे म्हणजे ते गाणं तुमच्या पिक्चरमध्ये आलं तरी चालतं, हेही नाही, ते लायसन्स तिथे गाणं वाजवण्यासाठी असतं.

पैसे वाचवायची एक खरी युक्ती आहे. जुनी रचना घ्या जिच्यावर कॉपीराइट उरलेला नाही, आणि इलेक्ट्रॉनिक आर्टिस्टकडून ती नव्याने करून घ्या. सोशल नेटवर्क या पिक्चरमध्ये बोटींच्या शर्यतीला ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉसने ग्रीग या संगीतकाराची एकोणिसाव्या शतकातली धून सिंथवर केलीय, आणि वेंडी कार्लोसने १९७१ मध्येच बीथोव्हनला मूग नावाच्या सिंथवर बसवलं होतं. रचनेचे पैसे नाहीत, फक्त नव्या रेकॉर्डिंगचे. आपल्या कायद्यात हे हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात, बऱ्याच देशांत सत्तर, त्यामुळे जुनं म्हणजे नीट जुनं बघा.

परवानगी येईपर्यंत त्या ट्रॅकवर फायनल कट करू नका. तात्पुरता टाकायचाच असेल तर त्याच बीपीएमचे, म्हणजे मिनिटाला तेवढ्याच बीट असलेले, तीन वेगवेगळे टाका आणि आलटूनपालटून बघा, नाहीतर डायरेक्टर एकाच्या प्रेमात पडतो आणि मग कितीही चांगलं दिलं तरी ते नाहीच आवडत त्याला.

बीपीएमचं गणित मात्र करून ठेवा. २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर १२० बीपीएम म्हणजे बरोबर १२ फ्रेमला एक बीट. १२८ ला ११.२५ येतात, म्हणजे प्रत्येक बीटवर कट बसणारच नाही, पण चार बीटला ४५ फ्रेम बरोबर होतात, तिथे कापा. २५ फ्रेमवर काम करत असाल तर १२५ बीपीएम सुखाचा. अर्थात प्रत्येक बीटवर कापत सुटलात तर पिक्चर न होता लग्नाचा हायलाइट व्हिडिओ होतो. १२० वर १६ बारचा (चार बीटचा एक बार) बिल्डअप, म्हणजे ताण चढवत नेणारा भाग, ३२ सेकंद खातो, एवढा वेळ बहुतेक सीनकडे नसतो, म्हणून लायसन्स घेताना स्टेम्स मागा, ड्रम वेगळे, बेस वेगळा, सिंथ वेगळे. स्टेम्स असले की डायलॉगखाली नुसता बेस ठेवता येतो आणि ड्रॉपला, म्हणजे बिल्डअपनंतर ताल फुटतो तिथे, सगळं उघडता येतं.

मिक्सिंगला दोनच गोष्टी सांगतो. क्लबसाठी केलेला ट्रॅक इतका दाबून मोठा केलेला असतो की डायलॉगशेजारी तो ओरडतो, तो बराच खाली आणावा लागतो आणि माणसाचा आवाज जिथे स्पष्ट होतो त्या एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सिंथ थोडे कापावे लागतात. गणपतीत ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत लावतात तिला आपल्याकडे डॉल्बी म्हणतात, थिएटरमधल्या डॉल्बीशी तिचा काही संबंध नाही, पण काही जण मिक्स मात्र त्या भिंतीसाठीच करतात. आणि शेजारच्या खोलीतून गाणं येतंय असं दाखवायचं असेल तर नुसता आवाज कमी करू नका, वरचं सगळं फिल्टर करून धुमधुम राहू द्या, किंवा सरळ खऱ्या खोलीत स्पीकरवर वाजवून भिंतीपलीकडून रेकॉर्ड करा, बेस्ट लागतं.

क्लबचा सीन शूट करताना नाचणाऱ्यांना ताल हवा असतो आणि साउंडवाल्याला शांतता. त्याला उपाय म्हणजे डायलॉग चालू असताना गाणं बंद करून फक्त तीस-चाळीस हर्ट्झचा ठोका सबवूफरवर सोडायचा, पब्लिक त्यावर हलत राहते आणि नंतर तेवढा भाग फिल्टरने निघून जातो. बीपीएम मात्र नंतर लागणाऱ्या ट्रॅकचाच ठेवा.

शेवटी क्यू शीट. प्रत्येक ट्रॅकचं नाव, लिहिणारे, पब्लिशर, कोणाचा किती हिस्सा, किती सेकंद, कुठल्या टाइमकोडला. चॅनल आणि ओटीटीवाले हे मागतात आणि लिहिणाऱ्यांची रॉयल्टी यावरूनच ठरते. ही फाइल एडिटच्या पहिल्या दिवशी उघडा, कारण सहा महिन्यांनी आठवत नाही की चहाच्या टपरीवरच्या सीनला मागे कोणाच्या तरी मोबाइलवर चार सेकंद काय वाजत होतं, आणि ते चार सेकंदही लिहावे लागतात.