पेपरातलं मत रेडिओवर कसं न्यावं

विषय ठरलाय, बातमी नीट वाचलीय, हे गृहीत धरतो. पेपराला पत्र पाठवणं सोपं: एकच मुद्दा, दीडशे-दोनशे शब्द, खाली नाव-गाव, बातमी आली त्याच दिवशी रवाना. तेच पत्र दोन पेपरांना धाडू नका.

खरी मेख रेडिओत आहे. ‘छापलंय तेच माइकसमोर वाचा की’ असं सांगणाऱ्यानं स्वतःचं भाषण कधी ऐकलेलं नसतं. वाचणारा अडला तर मागच्या ओळीवर जातो. ऐकणारा भाजी निवडत असतो. त्याचं एक वाक्य हुकलं की हुकलं.

मराठीच्या अभिजात दर्जाचंच घ्या. पेपरात हे खपून जातं: ‘२००४ साली तमिळपासून सुरू झालेल्या व २०१४ मध्ये ओडियापर्यंत सहाच भाषांची झालेल्या या यादीत ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीसह पाच भाषांची भर घातली.’ माइकवर क्रियापद येईस्तोवर ऐकणारा फोडणीकडे वळलेला असतो. त्याच्यासाठी असं लिहा: ‘तमिळला हा दर्जा मिळाला २००४ साली. मराठीला २०२४ उजाडलं. मधली वीस वर्षं आपण काय करत होतो?’ ओडिया गेली, सहा-पाचचा हिशेब गेला. जीव तुटतो, पण गाळायचंच.

उपरोधाचं तर आणखी अवघड. ‘कार्यक्षम’ महापालिका असं छापलं की अवतरणचिन्हं काम करतात; रेडिओवर तुम्ही महापालिकेचे भाट ठरता. सरळ बोला: ‘महापालिका स्वतःला कार्यक्षम म्हणवते. आमच्या गल्लीत चार दिवस पाणी नाही.’

पाच मिनिटांना फार तर सहाशे शब्द. मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचून वेळ लावणारे शेवटचा परिच्छेद हमखास पळवतात.

आकाशवाणीत संहिता आधी तपासतात. पक्षाचं नाव घेऊन हल्ला, बदनामी, न्यायालयाचा अवमान तिथल्या प्रसारणाच्या नियमांत बसत नाही. म्हणून घाबरून मुद्दाच बोथट करणारे पुष्कळ. त्यापेक्षा निर्णय कोणता, तारीख कोणती, भोगतंय कोण, एवढं नेमकं सांगा. पक्ष कुठला ते श्रोत्याला कळतं.

कागद एका बाजूनं लिहिलेले असावेत आणि पिन काढून टाका, पानांची सळसळ माइक टिपतो. ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांत दिवस जातात, तेव्हा ‘काल’, ‘परवा’ खोडून तिथे तारीख घाला.