इंजिन टिकटिकतंय? आधी डिपस्टिक बघा

सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून टिकटिक आली, तर इंजिन बंद करा आणि सपाट जागेवर दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून ऑइल बघा. ऑइल कमी पडलं की टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे छोटे भाग) वाजतात. ऑइलचा लाल दिवा पेटलेला असेल तर मात्र गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका, टोइंग बोलवा.

पातळी ठीक आहे? मग चालू इंजिनच्या हेड कव्हरला (वरच्या झाकणाला) लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाजवळच्या हाडाला लावा (ओढणी, बाह्या इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब!). तिथे आवाज ठळक आला, तर संशय टॅपेटवर. इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) बारीक टिकटिक असायचीच, तिच्यापायी खर्च नको. सोसायटीच्या बेसमेंटचा चढ चढताना वाढणारा, कात्रज येईतो इंजिन तापल्यावर विरणारा आवाज बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधल्या, म्हणजे सांध्यातल्या सीलमधल्या, गळतीचा.