पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सायकल चालवायचीय? मग आधी कड सोडा

नवीन सायकल घेतलेला माणूस कर्वे रोडला लांबूनच ओळखू येतो. रस्त्याच्या एकदम कडेला, माती, खडी, फुटलेले चेंबर, भाजीवाल्याच्या पाट्या या सगळ्यातून बिचारा अंग चोरून चाललेला असतो. त्याला वाटतं कडेला आहे म्हणजे सेफ आहे. पण होतं असं की तुम्ही जेवढे कडेला जाल तेवढं मागच्या कारवाल्याला वाटतं की जागा आहे, बसेल आपली गाडी, आणि तो लेन न बदलता तुम्हाला घासून पुढे जातो, नेमका त्याच वेळी तुमच्या पुढ्यात चेंबर येतो आणि तुम्हाला उजवीकडे यायचं असतं, पण तिथे आता त्याचा आरसा आहे.

म्हणून कडेपासून दोन-तीन फूट सोडून चालवा. मागच्याला मग नीट उजवीकडे घेऊनच ओव्हरटेक करावा लागतो, आणि कोणी दाबलंच तर डावीकडे सरकायला तुमच्याकडे जागा शिल्लक राहते. पेठांमधल्या अरुंद रस्त्यावर, जिथे तशीही कोणाची गाडी पंधरा-वीसच्या वर जात नाही, तिथे मी सरळ लेनच्या मधोमध चालवतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने तुम्हाला बघितलंय. रस्ता रुंद झाला की मात्र बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या, उगाच अडवून धरण्यात काही पॉइंट नाही.

दुसरी गोष्ट, रेषा सरळ ठेवा. लावलेल्या गाड्यांमध्ये गॅप दिसली की आत घुसायचं आणि पुढची गाडी आली की परत बाहेर यायचं, हे फार जण करतात. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता, गायब होता आणि अचानक त्याच्या बोनेटसमोर उगवता. त्यापेक्षा गॅप सोडून द्या आणि गाड्यांच्या ओळीपासून एका उघड्या दाराएवढं अंतर धरून सरळ जा, वर अजून हातभर जास्त. दार उघडणार आहे का हे थोडं आधी कळतं, आत ड्रायव्हर सीटवर डोकं दिसतंय का, ब्रेकलाइट आत्ताच विझला का, पुढचं चाक बाहेर वळलेलं आहे का. खडकवासल्याच्या चौपाटीला रविवारी सकाळी हे सगळं एकाच वेळी चालू असतं, कणसं घ्यायला थांबलेल्या गाड्या आणि चारी दारं एकदम उघडणारी फॅमिली. तिथे स्पीड काढूच नका.

बस आणि रिक्षा यांचं वागणं वेगवेगळं आहे. पीएमटी ओव्हरटेक करून पुढे गेली की आधी स्टॉप कुठे आहे ते बघा, कारण ती तुमच्या पुढे तिरकी डावीकडे येणारच. थांबलेल्या बसच्या डावीकडून कधीच जाऊ नका, माणसं उतरत असतात. रिक्षाला इंडिकेटर असतो असं गृहीत धरू नका, फुटपाथवर कोणी हात केलेला दिसला की रिक्षा तिकडे वळणार हे ठरलेलं.

पण खरी भीती बाळगायची ती डंपर, टँकर आणि मिक्सरची. सिग्नलला असा ट्रक उभा असेल तर त्याच्या डाव्या बाजूने पुढे सरकायचा मोह सोडा, कितीही जागा दिसली तरी. ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसलेला असतो, त्याच्या केबिनच्या डाव्या कोपऱ्याखाली सायकलवाला अख्खा लपतो, आरशात पण येत नाही. आणि तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून, कोपऱ्याला चिकटून येतात, म्हणजे पुढचं चाक तुमच्यापासून लांब गेलं म्हणून तुम्ही निवांत होता आणि मागचं तुमच्यावर येतं. ट्रकच्या मागे थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, अर्धं मिनिट गेलं तर गेलं.

चौकात सरळ जायचं असेल तर चौक यायच्या आधीच मागे बघून थोडं लेनच्या मध्ये या, नाहीतर लेफ्ट मारणारे तुमच्या पुढून कापून जातात. मान वळवून मागे बघताना हँडल पण त्याच बाजूला जातं, हे सगळ्यांचंच होतं, त्यामुळे एखाद्या मोकळ्या ग्राउंडवर सरळ रेषेत चालवत मागे बघायची प्रॅक्टिस करा. आरसा लावा, पण आरशाच्या भरवशावर वळू नका. उजवीकडे वळायचा हात दाखवताना अजून एक लक्षात ठेवा, हँडलवर फक्त डावा हात उरतो आणि आपल्याकडे बहुतेक सायकलींना डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो, तो एकटा पुरेसा थांबवत नाही, म्हणून आधी स्पीड कमी करा, मग हात दाखवा. मोठ्या चौकात तर राइट मारूच नका. सरळ पलीकडे जा, कोपऱ्यावर सायकल वळवून उभे राहा आणि तिकडचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर निघा.

रॉंग साइडने येणारे बाइकवाले आपल्या शहराचं वैभव आहेत. तो कडेने समोरून येतो आणि तुम्हाला मेन ट्रॅफिकमध्ये ढकलू बघतो. मागे न बघता उजवीकडे जाऊ नका, ब्रेक मारा, गरज पडली तर पाय टेकून उभे राहा, कुठून जायचं ते त्याला ठरवू दे. आणि प्लीज, यू टर्न लांब आहे म्हणून आपण स्वतः रॉंग साइडने जाऊ नका.

काही रस्ते सरळ टाळायचे. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदीच आहे. कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले ब्रिजपर्यंतचा उतार तर नकोच नको, तिथे लोड भरलेल्या ट्रकचे ब्रेक फेल होऊन काय काय झालंय ते पुण्यात सगळ्यांना माहितीये. साताऱ्याकडे जायची हौस असेल तर जुना कात्रज घाट आहे. सिंहगडावर चढायला त्रास नाही, उतरताना जीपा वळणावर आपल्या साइडला येतात, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. फ्लायओव्हरखाली रस्ता असेल तर खालूनच जा.

लाइटमध्ये कंजूषी नको. मागचा लाल लाइट दिवसा पण चालू ठेवा. साठच्या स्पीडची गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर येते, त्याला तुम्ही तीन सेकंद आधी दिसलात तर पन्नास मीटर मिळतात, एकच सेकंद आधी दिसलात तर काही करता येत नाही. पुढचा पांढरा लाइट रस्त्याकडे वाकवून लावा, समोरच्याच्या डोळ्यात नाही. घोट्याला रिफ्लेक्टर पट्टी लावली तर ती पॅडलबरोबर वर-खाली हलते आणि माणूस आहे हे लांबून कळतं. काळा टी-शर्ट फोटोत भारी दिसतो, रात्री नाही.

पावसाळ्यात झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि पेव्हर ब्लॉक यांच्यावर ब्रेक पण मारायचा नाही आणि वळायचं पण नाही, सरळ निघून जायचं. साठलेल्या पाण्याखाली किती खोल खड्डा आहे ते फक्त महापालिकेला माहीत. रिमवर घासणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात, दोन-तीनदा हलकेच दाबून रिम पुसून घ्या.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढाच. मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर कपाळ उघडंच राहतं. इयरफोन नकोत, मागून येणारा डिझेलचा आवाज ऐकू यायला पाहिजे. कोणी कट मारला तर पाठलाग करून भांडू नका, त्याच्याकडे इंजिन आहे.

आणि धडक झालीच तर लगेच उठून उभे राहू नका, आधी हातपाय हलतायत का बघा. गाडीचा नंबर कोणाला तरी फोटो काढून घ्यायला सांगा, ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८. दुकानांना सीसीटीव्ही असतो, तो लवकर मागा. लोक जागेवरच पाचशे रुपये देऊन मिटवायला बघतात, पण मुका मार दुसऱ्या दिवशी कळतो, त्यामुळे डॉक्टरला दाखवल्याशिवाय काही मिटवू नका. गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये सायकलवाला पण येतो, मोटार अपघात न्यायाधिकरणात क्लेम करता येतो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर सरकारच्या हिट अँड रन योजनेत गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात, २०२२ पासून हे आकडे आहेत, पण त्यासाठी पोलिसात नोंद पाहिजे. सायकल वरून ठीक दिसली तरी फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा) आणि हँडल मेकॅनिककडून चेक करून घ्या, मगच परत बसा.