अंधाऱ्या खोलीत टॉर्चने पोर्ट्रेट: अंध आणि अल्पदृष्टी छायाचित्रकारांसाठी

काळोख्या खोलीत कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि टॉर्च फिरवून चेहऱ्यावर हवा तिथेच उजेड टाकायचा, याला लाइट पेंटिंग म्हणतात. कॅलिफोर्नियाचे छायाचित्रकार पीट एकर्ट दृष्टी गेल्यानंतर असं काम करू लागले. न्यूयॉर्कच्या ‘सीइंग विथ फोटोग्राफी कलेक्टिव्ह’मधले अंध आणि अल्पदृष्टी सदस्यही अशीच पोर्ट्रेट काढतात. व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावून फ्रेम पाहायच्या खिडकीचं, काम इथे फार थोडं. हाताने अंतर मोजायची सवय असलेला माणूस या पद्धतीत पहिल्या दिवसापासून पुढे असतो.

आधी कॅमेऱ्याची तयारी. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, शटर ‘बल्ब’वर, म्हणजे बटण दाबून ठेवू तोवर ते उघडं राहतं. रोज लागणाऱ्या दोन-तीन बटणांवर जाड मखमली टिकल्या चिकटवाव्यात, बोटाला लगेच सापडतात. शटर मात्र केबल रिलीजनेच, म्हणजे तारेने जोडलेल्या वेगळ्या बटणानेच, उघडावं. बटण दाबताना ट्रायपॉड हलतो.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते फोकसमुळे. दोन मीटर दोरी ट्रायपॉडच्या डोक्याला बांधा आणि तिचं दुसरं टोक समोरच्या व्यक्तीच्या भुवईला टेकेल अशी खुर्ची ठेवा. दिवा चालू असतानाच ऑटोफोकस करा. ‘बीप’ ऐकू आला की लेन्स मॅन्युअलवर टाकून फोकसची रिंग चिकटपट्टीने पक्की करा. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरत राहतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 35 मिमी लेन्स असेल, तर या मापाला साधारण दीड ते तीन मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, म्हणजे चार बोटांची चूक सहज खपते.

टॉर्च लहान आणि मंद घ्यावी. तोंडाशी काळ्या कागदाची दहा सेंटिमीटरची नळी गुंडाळली, की टॉर्चचा दिवा लेन्सला थेट दिसत नाही. टॉर्च फिरवणाऱ्याच्या अंगात काळे, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

आता दिवे बंद करून शटर उघडा आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजा. टॉर्च चेहऱ्यापासून एक हातावर, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतरावर, धरा. हे माप सोडू नका: अंतर निम्मं झालं की उजेड चौपट पडतो. कॅमेऱ्याच्या आड न येता बाजूला उभं राहून एका गालावर चार-पाच सेकंद, मग केसांच्या कडेने, मग खांद्यावर. समोरच्याने डोळे मिटून स्थिर बसावं. मान हलली की दोन नाकं उमटतात. टॉर्च क्षणभर एका जागी थांबली तर तिथे पांढरा डाग पडतो, लेन्सकडे वळली तर पांढरी रेघ. ही रेघ मुद्दाम ओढली तर तीही चित्राचाच भाग होते. किती चेहरा काळोखात ठेवायचा, हा निर्णय तुमचाच, आणि खरी शैली तिथेच घडते.

काही अंशी दिसत असेल तर आपल्या नजरेची मर्यादा ओळखून ठेवा. बोगद्यासारखी नजर असेल तर फ्रेमच्या कडा निसटतात, मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) विकारात नेमका मधला भाग.

फोटो तपासताना ‘कसा आलाय?’ असं विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. दोन माणसांना वेगवेगळं बसवून नेमकं विचारा: उजेड कुठे संपतो? डावा कान दिसतो का? सर्वांत पांढरी जागा कोणती? दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर फोटोतली तीच जागा पुन्हा विचारा. मग टॉर्चचा मार्ग, सेकंद आणि ही उत्तरं फोनवर बोलून नोंदवा, म्हणजे पुढच्या फोटोत काय बदलायचं ते ठरवता येतं.